टॅपेटची फट : एंजिनातील प्रसरणाचा धडा

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना तुम्ही कधी पाहिले आहे का? ही धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान केलेली असते. लोहार ती गोवऱ्यांच्या आरात चांगली तापवतो. तापली की ती मोठी होते आणि चाकावर सहज बसते. मग तिच्यावर पाणी ओतले की ती आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. धातू तापला की प्रसरण पावतो आणि निवला की आकुंचन पावतो, हा पाठ्यपुस्तकातला नियम लोहार असा कामाला लावतो.

पण आपल्याला नको असते तेथेही प्रसरण होतच असते. तेथे त्याच्याशी भांडून उपयोग नसतो. त्याला पुरेशी जागा ठेवून द्यावी लागते. मोटारसायकलीच्या एंजिनात अशी एक जागा असते. तिची रुंदी तुमच्या वहीच्या कागदाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी असते. गॅरेजमधले मिस्त्री तिला ‘टॅपेटचा गॅप’ म्हणतात. एंजिन खोलून पुन्हा जुळवताना हा गॅप नीट ठेवला नाही, तर बाकीची सारी मेहनत वाया जाऊ शकते. एवढ्याशा फटीला इतके महत्त्व का, हे आज आपण समजून घेऊ या.

झडपा काय करतात?

जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली ज्या पद्धतीचे एंजिन यशस्वी करून दाखवले, त्याच पद्धतीवर आजची फोर-स्ट्रोक मोटारसायकल चालते. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो. पहिल्यांदा तो खाली जातो आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढून घेतो. दुसऱ्यांदा वर येऊन ते मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते, आणि तापलेले वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. हा तिसरा, शक्ती देणारा स्ट्रोक. चौथ्यांदा दट्ट्या वर येतो आणि जळलेले वायू बाहेर घालवतो.

या कामासाठी सिलिंडरच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, दोन दारे असतात. मिश्रण आत येण्याचे एक आणि जळके वायू बाहेर जाण्याचे दुसरे. दोन्ही दारांवर एकेक झडप असते. आत घेणारी ती अंतर्गम झडप आणि बाहेर सोडणारी ती निर्गम झडप. झडपेचा आकार लांब दांडीच्या भूछत्रासारखा असतो. छत्रीची कड हेडमध्ये बसवलेल्या कड्यावर टेकली की दार बंद. या कड्याला झडपेची बैठक म्हणतात.

आपल्याकडे १९७०-८० च्या सुमारास रस्त्यांवर दिसणाऱ्या राजदूत, येझदी यांसारख्या गाड्यांची एंजिने टू-स्ट्रोक होती. त्यांत दट्ट्याच सिलिंडरच्या भिंतीतली भोके उघडझाप करतो, म्हणून अशा झडपा त्यांत नसतात. १९८५ साली हिरो होंडाची ‘सीडी १००’ ही फोर-स्ट्रोक गाडी आली. पुढे अशी लहान फोर-स्ट्रोक एंजिने घरोघर पोचली आणि टॅपेटची फट मोजणे हे जवळजवळ प्रत्येक गॅरेजचे नेहमीचे काम झाले.

कॅम, रॉकर आणि फट

झडप उघडायची कशी? हेडमध्ये एक दांडा फिरत असतो. त्याच्यावर एका बाजूला फुगवटा असलेल्या, अंड्याच्या आकाराच्या चकत्या असतात. या चकत्या म्हणजे कॅम. कॅमला लागून रॉकर नावाचा छोटा दांडका असतो. तो बागेतल्या सी-सॉसारखा मधल्या खिळीवर डोलतो. कॅमचा फुगवटा रॉकरचे एक टोक उचलतो, तेव्हा दुसरे टोक झडपेची दांडी खाली दाबते आणि झडप उघडते. फुगवटा निघून गेला की स्प्रिंग झडपेला पुन्हा वर ओढून बैठकीवर बसवते.

दट्ट्याच्या चार स्ट्रोकमध्ये मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, दोन फेरे घेतो आणि तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणून कॅमचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरवलेला असतो. एंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडून बंद होते! डोळ्याचे पाते एकदा लवेपर्यंत तिची कित्येक वेळा उघडझाप झालेली असते.

आता मुख्य गोष्ट. झडप पूर्ण बंद असताना रॉकरचे टोक आणि झडपेच्या दांडीचे टोक एकमेकांना चिकटलेले नसावे. त्यांच्यामध्ये थोडी फट हवी. १०० घन सेंटिमीटरच्या आसपासच्या अनेक एंजिनांत ही फट, एंजिन थंड असताना, ०.०५ ते ०.१० मि.मी. ठेवतात. नेमका आकडा गाडी बनवणारा कारखाना ठरवतो आणि तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

फट ठेवलीच नाही तर?

हे आपण थोडे गणित करून पाहू. १ मीटर लांबीचा पोलादी गज १ अंश सेल्सिअसने तापवला, तर तो सुमारे ०.०१२ मि.मी. वाढतो. तेवढाच ॲल्युमिनियमचा गज सुमारे ०.०२३ मि.मी., म्हणजे जवळजवळ दुप्पट वाढतो.

समजा, पोलादी झडपेची लांबी ६५ मि.मी. आहे. चालू एंजिनात निर्गम झडपेचे डोके फार तापते. ६००-७०० अंशांपर्यंतही जाते. दांडीचे वरचे टोक त्या मानाने थंड असते. म्हणून सगळ्या झडपेचे तापमान सरासरी २८० अंशांनी वाढले असे धरू. मग

झडपेची वाढ = ०.०६५ × २८० × ०.०१२ = सुमारे ०.२२ मि.मी.

पण झडप एकटीच वाढत नाही. ज्या हेडमध्ये ती बसली आहे, तेही वाढते. हेड ॲल्युमिनियमचे असते, पण त्याला पंखे असल्याने ते वाऱ्याने निवत राहते. बैठकीपासून रॉकरपर्यंतचे त्याचे अंतर तेवढेच ६५ मि.मी. आणि तापमानातील वाढ १२० अंश धरू. मग

हेडची वाढ = ०.०६५ × १२० × ०.०२३ = सुमारे ०.१८ मि.मी.

म्हणजे झडप तिच्या घरापेक्षा ०.०४ मि.मी. जास्त वाढली. थंड असताना फट ०.०५ मि.मी. असेल, तर तापल्यावरही ०.०१ मि.मी. उरेल आणि झडप बैठकीवर नीट टेकेल. पण फट शून्य ठेवली असती, तर झडपेची दांडी रॉकरला जाऊन भिडली असती. रॉकर मागे सरकू शकत नाही, कारण त्याच्या मागे कॅम आहे. मग झडपच ०.०४ मि.मी. उघडी राहिली असती.

आपण धरलेले आकडे ढोबळ आहेत. खऱ्या एंजिनात झडपेच्या प्रत्येक भागाचे तापमान वेगळे असते, आणि निर्गम झडपेसाठी वापरलेले खास पोलाद साध्या पोलादापेक्षा जास्तही प्रसरण पावते. म्हणूनच काही एंजिनांत निर्गम झडपेची फट अंतर्गम झडपेपेक्षा मोठी ठेवायला सांगतात. पण मुद्दा तोच राहतो. फट म्हणजे दोन वाढींमधल्या फरकासाठी राखून ठेवलेली जागा होय.

०.०४ मि.मी. उघडी राहिली तर एवढे काय बिघडले, असे तुम्हाला वाटेल. दोन गोष्टी बिघडतात. पहिली, दाबलेले मिश्रण त्या चिरेतून निसटते. दाब कमी पडतो, गाडी ओढत नाही, किक मारताना पायाला नेहमीचा जोर लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. निर्गम झडप स्वतःला निववते ती मुख्यतः बैठकीला टेकून. ती टेकलेली असते तेवढ्या क्षणात तिची उष्णता बैठकीत आणि तेथून हेडमध्ये जाते. ती टेकलीच नाही, तर उष्णतेला वाट राहत नाही. शिवाय मिश्रण पेटल्यावर २००० अंशांहून अधिक तापलेले वायू त्याच चिरेतून झोताने बाहेर पडतात आणि झडपेची कड खाऊ लागतात. मिस्त्री ‘व्हॉल्व्ह जळला’ म्हणतात, तो असा.

फट जास्त झाली तर?

मग फट मोठीच ठेवावी की! पण तेही बरोबर नाही. फट जास्त असली की कॅमच्या फुगवट्याचा काही भाग ती भरून काढण्यातच खर्च होतो. झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि उचललीही कमी जाते. सिलिंडरमध्ये पुरेसे मिश्रण भरत नाही.

याखेरीज आणखी एक खुबी आहे. कॅमचा फुगवटा एकदम सुरू होत नाही. सुरुवातीला त्याला अगदी हलका चढ दिलेला असतो, म्हणजे फट हळूच भरून निघावी आणि रॉकर दांडीला अलगद भिडावा. फट फार मोठी असेल, तर हा हलका चढ संपून जातो आणि पुढच्या खड्या चढावर रॉकर दांडीवर हातोडीसारखा आपटतो. ‘टक टक टक’ असा आवाज येतो आणि दोन्ही टोके झिजतात.

बुलेटचे कोडे

आता एक कोडे. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या ३५० घन सेंटिमीटरच्या जुन्या बुलेटच्या पुस्तिकेत मात्र वेगळीच सूचना असे. एंजिन थंड असताना फट जवळजवळ शून्य ठेवा. प्रसरणाचा नियम तर सगळीकडे सारखाच. मग असे का बरे?

याचे उत्तर एंजिनाच्या रचनेत आहे. बुलेटमध्ये कॅम हेडमध्ये नसून खाली, क्रँकच्या शेजारी असतात. तेथून वरच्या रॉकरपर्यंत धक्का पोचवण्यासाठी लांब उभ्या कांड्या असतात. त्यांना पुशरॉड म्हणतात. तापल्यावर ओतीव लोखंडाचा सिलिंडर आणि त्यावरचे ॲल्युमिनियमचे हेड हे दोन्ही उंच होतात आणि रॉकरला आपल्याबरोबर वर उचलतात. कांड्या मात्र ज्वालेपासून दूर असल्याने तितक्या तापत नाहीत. घर जास्त वाढते, आतला माणूस कमी. त्यामुळे तापल्यावर फट बुजण्याऐवजी वाढते! म्हणून थंड असताना ती शून्याजवळ ठेवतात. तेथे फटीचे मापही पट्टीने घेत नाहीत. कांडी बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण खालीवर हलता कामा नये, अशी परीक्षा असते.

यावरून ध्यानात येईल, की ‘सगळ्या गाड्यांना इतकी फट’ असा एकच नियम करता येत नाही. कोणता भाग कशाचा, किती लांब आणि किती तापणारा, यावर ती ठरते. पुढे काही एंजिनांत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट आले. त्यांत हाताने फट लावावी लागत नाही.

एंजिन पुन्हा जुळवताना

एंजिन खोलले की झडपा सहसा घासतात. झडप आणि बैठक यांच्यामध्ये कार्बोरंडमची बारीक पेस्ट लावून झडप मागेपुढे फिरवतात. दोघांवर सलग, एकसारखी राखाडी पट्टी दिसू लागली की घासणे पुरे झाले. पेस्टचा कणही आत राहू नये म्हणून सगळे धुऊन काढतात. मग झडपा स्प्रिंगांसह बसवून हेड उलटे करतात, ज्वलनाच्या खोलगट भागात थोडे रॉकेल ओततात आणि थोडा वेळ थांबतात. दाराच्या बाजूने रॉकेल झिरपले नाही, तर झडप नीट बसली.

घासल्याने थोडा धातू गेला, हे लक्षात ठेवा. झडप बैठकीत थोडी खोल बसली, म्हणजे तिच्या दांडीचे दुसरे टोक रॉकरच्या दिशेने तेवढेच पुढे आले. झडप ०.०३ मि.मी. खोल गेली, तर ०.०५ मि.मी.ची फट ०.०२ मि.मी.च उरेल. म्हणून जुळणी झाल्यावर फट नव्याने लावावीच लागते. तिचा क्रम असा:

१. हेडचे सगळे नट सांगितलेल्या जोराने आवळून घ्यावेत. कॅमची साखळी खुणेवर बसवावी. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून काही अडत नाही ना, ते पाहावे.

२. एंजिन पूर्ण थंड हवे. स्पार्क प्लग काढावा, म्हणजे क्रँक हलकी फिरते.

३. फ्लायव्हीलवरची खूण, जी बहुधा ‘टी’ अक्षराची असते, ती झाकणावरच्या रेघेसमोर आणावी. आता दट्ट्या अगदी वर आहे.

४. पण दट्ट्या एका चक्रात दोनदा वर येतो, मिश्रण दाबल्यावर आणि जळके वायू बाहेर घालवल्यावर. दुसऱ्या वेळी एक झडप मिटत असते आणि दुसरी उघडू लागलेली असते, म्हणजे दोन्हींवर कॅमचा दाब असतो. तेथे मापले, तर फट दिसणारच नाही, आणि पेच सैल करून ‘दिसेल’ अशी केली तर ती भलतीच मोठी होऊन बसेल. म्हणून दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात का, ते पाहावे. हलत नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावी.

५. फीलर गेजचे योग्य जाडीचे पाते फटीत सरकवावे. हे साधन चाकूच्या पात्यांसारख्या पातळ पोलादी पट्ट्यांचे असते आणि प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. पाते सरकताना बोटांना हलकासा अटकाव जाणवला पाहिजे. वहीतून कागद ओढताना वरच्या पानांचा भार जाणवतो, साधारण तसा.

६. रॉकरच्या टोकाच्या पेचाने फट लावून वरचा लॉकनट आवळावा आणि पुन्हा मापावे. नट आवळताना पेच थोडा फिरतोच. पेच एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढे जात असेल, तर ०.०५ मि.मी. म्हणजे फेऱ्याचा दहावा भाग, केवळ ३६ अंश. पेच चुकून एवढा फिरला तरी सगळी फट नाहीशी!

जुना रॉकर वापरणार असाल तर त्याचे टोक तपासावे. तेथे खळगा पडला असेल, तर सपाट पाते खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि खरी फट मापापेक्षा मोठी राहते. नव्याने घासलेल्या झडपा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात, म्हणून तेवढे अंतर चालल्यावर फट पुन्हा तपासतात.

शांत एंजिन नेहमीच चांगले का?

पुष्कळांना वाटते, की एंजिनाचा आवाज जितका कमी तितके ते चांगले. टॅपेट थोडे वाजू लागले की ‘आवाज बंद करून द्या’ असा ते मिस्त्रीकडे आग्रह धरतात. पेच आणखी आवळला की आवाज लगेच बंद होतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण ती फट तापल्यावर लागणार होती. झडप आता बैठकीवर पुरती टेकत नाही, आणि हे बिघडलेले काम आवाज करत नाही. काही काळाने गाडी गरम असताना सुरू होईनाशी होते, संथ चालताना अडखळते, आणि हेड खोलावे लागते ते झडपेची कड जळाल्यावर.

उलट, थोडी जास्त असलेली फट वाजून आपल्याला सांगते, की माझ्याकडे पाहा. म्हणून जाणता मिस्त्री कानावर विसंबून फट कमी करत नाही. तो एंजिन निवू देतो, पुस्तिकेतला आकडा पाहतो आणि पाते सरकवून मापतो. लहान एंजिनाचा थोडासा टकटक आवाज त्याला सहसा खटकत नाही.

करून पाहा

कागदाची जाडी : १०० पाने, म्हणजे २०० पृष्ठे असलेली वही घ्या. पुठ्ठे सोडून फक्त पाने घट्ट दाबून धरा आणि पट्टीने जाडी मोजा. आलेल्या मिलिमीटरना १०० ने भागा. एका पानाची जाडी मिळेल. ०.०५ मि.मी.ची फट तिच्या किती पट येते?

पेचाचे आटे : एक बोल्ट आणि त्याचा नट घ्या. नट दहा पूर्ण फेरे फिरवा आणि तो किती मिलिमीटर सरकला ते मोजा. एका फेऱ्याला किती? ०.१ मि.मी. सरकवण्यासाठी नट किती अंश फिरवावा लागेल?

विचार करा

१. वरच्या उदाहरणात हेड ॲल्युमिनियमऐवजी ओतीव लोखंडाचे असते (१ मीटरला १ अंशास सुमारे ०.०११ मि.मी. वाढ) आणि तापमाने तीच असती, तर थंड असताना निदान किती फट ठेवावी लागली असती?

२. नुकतीच लांबवरून आलेली गाडी दारात उभी आहे. तिची फट लगेच मापून पुस्तिकेतल्या थंड एंजिनाच्या आकड्याशी ताडून पाहिली, तर काय चूक होईल?

३. तुमच्या घरात, शाळेत किंवा रस्त्यावर प्रसरणासाठी मुद्दाम ठेवलेली जागा तुम्हाला आणखी कोठे दिसते? मोठ्या पुलावरून जाताना रस्त्याकडे लक्ष ठेवा.